व्याख्याबुवांचा तेविसावा मसुदा

आमच्या विधी खात्यात त्यांना सगळे व्याख्याबुवा म्हणायचे, अगदी तोंडावरसुद्धा. त्यांचं कामच ते होतं. कायद्यात 'दुकान' आलं की दुकान म्हणजे काय, 'गाडी' आली की गाडी म्हणजे काय, हे लिहायचं. ते सांगायचे, मी टाइप करायचे, अशी अठरा वर्षं गेली. एकदा 'शिडी'च्या व्याख्येपायी या माणसाने माझे तीन दिवस खाल्ले, कारण काय, तर स्टुलालाही दोन पायऱ्या असतात! मी करवादले की म्हणायचे, "बाई, लोक कायदा वाचत नाहीत, त्यातली फट वाचतात."

मग त्यांची भाची गेली. एका माणसाने ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर दीड मिनिटात अकरा जणांना गोळ्या घातल्या, त्यात ही सतरा वर्षांची पोर. बुवांच्या ताईची एकुलती एक. ताई घरीच शिवणकाम करायची, लोकांचे कपडे मापात बसवून द्यायची. महिन्याभराने ती आमच्या ऑफिसात आली आणि उभ्याउभ्याच भावाला म्हणाली, "तुझ्या कायद्यातलं मला काही कळत नाही. माझ्या पोरीला मारलं ती बंदूक दुकानात दिसता कामा नये. एवढं कर."

"करतो ताई. शब्द देतो."

हे काम दुसऱ्याकडे द्या म्हणून मी परोपरीने सांगितलं. ऐकतील तर शपथ.

पहिल्या मसुद्यात त्यांनी 'लष्करी धाटणीची बंदूक' लिहिलं. समितीचे अध्यक्ष म्हणाले, कवायतीतली लाकडी बंदूकही त्याच धाटणीची असते. मग 'एक गोळी सुटताच दुसरी आपोआप भरणारी' लिहिलं, तर शिकारी मंडळी आजोबांच्या वेळच्या बंदुका घेऊन दारात. नावानिशी यादी केली, तर कंपनीने नावापुढे एक आकडा वाढवला. एका मसुद्यात काँक्रीटमध्ये खिळे ठोकायचं यंत्रच बंदीत सापडलं आणि बांधकामवाल्यांचं शिष्टमंडळ आलं! हसू येत होतं आणि रडूही. माझ्या तर नाकी नऊ आले.

तेविसाव्या मसुद्यात तीन खुणा होत्या: काढता-घालता येणारी गोळ्यांची पेटी, खांद्याला टेकवायचा दुमडणारा दस्ता, आणि धरायला खाली वेगळी मूठ. बुवांनी लिहिलं होतं, 'यांपैकी कोणतीही एक'. समिती अडून बसली की तिन्ही एकत्र असतील तरच बंदी, नाहीतर मत नाही. बुवांनी पुन्हा पुन्हा पोलिसांचा अहवाल काढून पाहिला. त्या बंदुकीत तिन्ही होत्या. त्यांनी मान डोलावली. कायदा झाला त्या दुपारी त्यांनी माझ्याच टेबलावरून फोन लावला. "ताई, बसली गं त्यात," म्हणाले आणि ढसाढसा रडले.

दोन महिन्यांनी ते मला घेऊन बंदुकीच्या दुकानात गेले. काचेआड तीच बंदूक. फक्त दस्त्याचा सांधा वेल्डिंग करून पक्का केलेला. दुकानदार मोठा अदबशीर. बुवांची व्याख्या त्याने चौकटीत घालून भिंतीला लावली होती. "वाचा ना साहेब," तो म्हणाला, "फार सोप्या भाषेत लिहिलंय. कुणालाही कळेल." त्याच्या मुस्काटात द्यावी असं मला वाटलं. बुवांनी चष्मा पुसला आणि ते आपलंच वाक्य शेवटपर्यंत वाचत उभे राहिले.

तिथून आम्ही थेट ताईकडे गेलो. ती मशीनवर होती, हातात शाळेचा निळा स्कर्ट. बुवांनी काही न लपवता सांगितलं.

"बदललं किती?" तिने विचारलं.

"एक सांधा. दस्ता आता दुमडत नाही."

"गोळ्या?"

"तेवढ्याच."

ताईने तो स्कर्ट उलटा करून कमरेजवळ बोट ठेवलं. "शाळेचा नियम आहे, गुडघ्याखाली चार बोटं हवा. मुली माझ्याकडे येतात. मी आतून हे हुक लावून देते. फाटकातून जाताना मापात, आत गेल्यावर वर अडकवला की आखूड. तुझ्या भाचीच्या स्कर्टलाही मीच लावले होते." तिचा आवाज चढला नाही. "तेवीस कागद लिहिलेस. एकदा मला विचारायचं होतंस रे."

  ताईने पुन्हा मशीन सुरू केली.

दुरुस्ती सुचवायची तर पुढच्या अधिवेशनापर्यंत थांबा, असं समितीने कळवलं. तरी सोमवारी बुवा माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसले. "लिहा बाई. बंदूक म्हणजे," एवढं म्हणाले आणि खिडकीकडे बघत राहिले. तेवढंच टाइप करून मी थांबले. पाच वाजले, शिपाई दिवे घालवायला आला, तरी कागदावर तेवढेच दोन शब्द होते.