आबांची क्रोमियमची बाटली आणि ठिबकचा काटा

मंडळी, आज सकाळी सणसरला आमच्या घरात भांडण झालं, आणि ते मी मुद्दाम काढलं.

माझे सासरे, आबा, दहा दिवसांपासून बीपीची गोळी घेतच नव्हते. पळसदेवच्या पाहुण्यांनी त्यांना गोळीऐवजी घ्यायला क्रोमियमच्या कॅप्सूलची बाटली दिलेली. मी जाब विचारला तर म्हणाले, "रानातल्या ठिबकच्या नळ्यांत क्षार साचला की आपण ॲसिड सोडतो न्हवं? ह्ये तसंच हाय. रक्ताच्या नळ्या मोकळ्या हुत्यात."

मी म्हटलं, "आबा, ॲसिड सोडल्यावर प्रेशरचा काटा बघितल्याबिगर तुमी कधी घरी आलाय का?"

मी शेजारच्या काकूंकडचं बीपीचं मशीन आणलं. आबांनी हात पुढं केला. बराच वर गेलेला आकडा बघितला आणि स्वतःच म्हणाले, "गाडी काढ, पोरी."

बारामतीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, क्रोमियमनं बीपी उतरतं किंवा रक्तवाहिन्या सुधारतात असा भरवशाचा पुरावा नाही. बीपीची गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही.

परत येताना आबांनी गाडीतूनच पाहुण्यांना फोन लावला. मला वाटलं, आता चांगलेच झापणार. पण आबांनी एवढंच विचारलं, "पाव्हणं, तुमीबी गोळी सोडलीय का?"

पलीकडून पाहुणे म्हणाले, "व्हय, सोडलीय की."

उद्या सकाळी आबा आणि मी मशीन घेऊन पळसदेवला निघालोय. तुमच्या घरातल्यांच्या बीपीचा काटा तुम्ही शेवटचा कधी बघितला?