शेडबाईंचा पांढरा

कापडगिरणीत तेहतीस वर्षं त्यांचं काम एकच होतं. रंगवून आलेलं कापड आणि गिऱ्हाइकाने पाठवलेला तुकडा दिव्यांच्या पेटीत शेजारीशेजारी धरायचे आणि "जुळला" किंवा "नाही जुळला" एवढंच सांगायचं. त्यांनी "नाही" म्हटलं की अख्खा लॉट पुन्हा रंगात जायचा. सगळी गिरणी त्यांना शेडबाई म्हणायची. घरी नवराही कधीकधी चुकून तसंच म्हणून जायचा.

निवृत्तीच्या दुसऱ्याच आठवड्यात त्या रंगपेटी घेऊन आल्या.

"आयुष्यभर दुसऱ्यांचे रंग तपासले," त्यांनी नवऱ्याला सांगितलं, "आता माझे लावणार."

नवरा भूगोलाचा निवृत्त शिक्षक. त्याला वाटलं, चार दिवसांचं कौतुक आहे, उतरेल.

ते उतरलं नाही. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये मंगळवारी आणि शुक्रवारी ड्रॉइंगचे एक सर वयस्कांचा वर्ग घेत. बाई तिथे जाऊ लागल्या. पहिल्या दिवशी काढलेलं सफरचंद बटाट्यासारखं दिसत होतं, आणि शेजारचा बटाटा कशासारखा दिसत होता ते कुणालाच सांगता आलं नाही. पण रंग लावायची वेळ आली तेव्हा सर त्यांच्या टेबलाशी थांबले. सफरचंदाच्या देठाजवळचा हिरवट पिवळा बाईंनी हुबेहूब पकडला होता.

"रेषा येईल हो हळूहळू," सर म्हणाले. "हे जे तुम्हाला येतं ना, ते शिकवता येत नाही."

एवढं ऐकल्यावर बाई कशाला मागे हटतात. शेजारच्या टेबलावर एक निवृत्त नर्स बसायची, तिच्याकडून त्या क्रोशा शिकल्या. वेताच्या परड्या विणल्या; पहिल्या चार लंगड्या झाल्या, पाचवी सरळ उभी राहिली. कागदाच्या लगद्याचे वाडगे केले, जुन्या वह्यांना कापडी पुठ्ठे घातले. घरातली एकेक सपाट जागा भरत चालली. "मला बसायला एक खुर्ची ठेव," नवरा म्हणायचा, "नाहीतर मलाही रंग फासून कोपऱ्यात उभा करशील." बाईंनी खुर्ची रिकामी करून दिली आणि तिच्या पाठीला क्रोशाची जाळी घातली.

पण खरा जीव जडला तो खिडकीवर. गॅलरीला काचा लावून बाईंनी तिथे टेबल मांडलं होतं. समोर खाली लाँड्रीचं अंगण होतं. हॉस्पिटलच्या चादरी तिथे ओळीने वाळत घातलेल्या असायच्या, एका वेळी साठ-सत्तर. पांढऱ्यात किती पांढरे असतात हे शेडबाईंना नव्याने सांगायला नको होतं. ओल्या चादरीचा वेगळा, वाळलेल्या चादरीचा वेगळा, सावलीत पडलेल्या घडीचा तर निळसर. दोन वर्षांत त्या अंगणाची चौदा चित्रं झाली. वर्गाचं प्रदर्शन जवळ आलं तेव्हा सर म्हणाले, "एक भिंत तुमची."

त्याच सुमारास नर्सच्या लक्षात आलं की बाई क्रोशाचे टाके गाळताहेत. सुईत दोरा ओवायला खिडकीपाशी जातात, आणि तिथेही तीन वेळा चुकतात.

"डोळे दाखवा," नर्स म्हणाली.

"माझे डोळे? अहो सिस्टर, या डोळ्यांवर गिरणी चालली."

"गिरणी बंद झाली तुमच्यासाठी. उद्या सकाळी नऊ वाजता मी खाली उभी राहते." पस्तीस वर्षं रुग्णांना गोळ्या गिळायला लावलेली बाई ती, तिच्यापुढे शेडबाईंचं काही चाललं नाही.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, चांगला जुना. डॉक्टरांनी आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन केलं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा बाईंनी पहिल्यांदा पाहिला तो डॉक्टरांचा कोट. इतका पांढरा कोट त्यांनी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. त्यांना आनंद व्हायला हवा होता. पण त्यांनी लगेच पिशवी उचलली, कारण काय झालंय ते इतर कुणाच्या आधी त्यांना कळलं होतं.

घरी आल्यावर त्या चपलाही न काढता गॅलरीत गेल्या. चौदा चित्रं भिंतीला टेकवून ठेवली होती. चादरी पांढऱ्या नव्हत्याच. चहात बुडवून काढल्यासारख्या पिवळट, तपकिरी. आणि आकाश शाई सांडावी तसं गडद, कारण डोळ्याला निळा कमी दिसत गेला तसा हाताने तो वाढवत नेला होता.

बाईंनी तळहाताने उजवा डोळा झाकला. जुन्या डोळ्याला चित्र ठीक वाटलं. मग डावा झाकला. पुन्हा उजवा. गिरणीत दिवे बदलून कापड पाहत तसं त्यांनी चौदाही चित्रांना केलं आणि मग खुर्चीत बसल्या.

"अहो, या चादरी तुम्हाला पिवळ्या दिसत होत्या?"

नवऱ्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "दिसत होत्या."

"मग बोलला का नाहीत?"

"तुला? रंगाबद्दल?" तो म्हणाला. "मला वाटलं, तू मुद्दाम तशा काढतेस. शेडबाईला कोण सांगणार?"

सरांनाही फोनवर विचारलं. सरांना ती संध्याकाळची उन्हं वाटली होती. नावाचा दबदबा असा, की दिव्याखालचा अंधार कुणी दाखवलाच नाही.

चित्रांचं दुःख दोन दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी त्यापेक्षा वाईट गोष्ट आठवली. निवृत्तीच्या आधीच्या वर्षी एक पांढरा लॉट त्यांनी नापास केला होता. रंगखात्याचा डाईंगमास्तर म्हणत होता, शेड बरोबर आहे. रंग मोजायचं नवं मशीनही तेच म्हणत होतं. बाई साहेबांसमोर म्हणाल्या होत्या, "मशीनला डोळे असतात का?" सगळे हसले होते. लॉट पुन्हा रंगात गेला आणि पंधरा दिवसांनी मास्तरला गोदामात बसवलं.

मोतीबिंदू काही दोन-तीन वर्षांत पिकत नाही. हे बाईंनी डॉक्टरांना मुद्दाम विचारून घेतलं.

"आता ते उकरून काय मिळणार?" नवरा म्हणाला. "विसरला असेल तो."

"तुम्ही विसरला असता?"

नवरा उठला. त्याने बसच्या वेळा पाहून दिल्या.

डाईंगमास्तरही आता घरीच असायचा. गावाच्या दुसऱ्या टोकाला, एका शिलाई दुकानाच्या मागे दोन खोल्या. बाईंना दारात पाहून तो दचकला, मग "या बाई" म्हणून त्याने स्टूल पुढे केलं. बाई बसल्या आणि सरळ मुद्द्यावर आल्या. तो लॉट बरोबर होता, चूक माझ्या डोळ्याची होती. काल-परवा कळलं, म्हणून आज आले.

मास्तरने हातातल्या फडक्याची घडी घातली.

"हे सांगायला एवढ्या लांब आलात?"

"फोनवर सांगायची गोष्ट नव्हती."

"लॉट बरोबर होता हे मला ठाऊक होतं. माझ्या बायकोला ठाऊक होतं. बाकी कुणाला नव्हतं." त्याचा आवाज चढला नाही. "सांगितलंत, बरं केलंत. पण माफीबिफी मला लगेच जमायची नाही."

"ती मागायला आलेच नाही मी. गिरणीला पत्र लिहिणार आहे. तुम्हाला आधी सांगावं, म्हणून आले."

पत्र त्यांनी त्याच संध्याकाळी लिहिलं, सहा ओळींचं. सबबी घातल्या नाहीत. गिरणीचं उत्तर महिन्याने आलं. मास्तरच्या फाइलला पत्राची प्रत जोडली आहे, एवढंच त्यात होतं. बाईंनी ते दोनदा वाचलं आणि त्याची एक प्रत मास्तरला पाठवून दिली.

मधल्या काळात प्रदर्शनाला पाच आठवडे उरले होते. सर म्हणाले, "जुनीच लावू या. त्यांचा एक मूड आहे."

"मूड नाही तो, मोतीबिंदू आहे," बाई म्हणाल्या. "नवीन काढते."

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन प्रदर्शनानंतर होतं. तोवर डाव्या डोळ्यावर काळ्या कापडाची पट्टी बांधून त्या बसू लागल्या. एका डोळ्याने अंतर कळेना. ब्रश पाण्याच्या भांड्याऐवजी चहात जायचा आणि रेघ कागद सोडून टेबलावर उतरायची. दोन कागद फाडले, तिसरा फाडता फाडता ठेवून दिला. मान आखडली की विणकाम घ्यायच्या, बोटं मोकळी झाली की परत चादरी. नवरा जेवायला हाक मारायचा. "ही ओळ सुकू दे" असं उत्तर यायचं. लाँड्रीतल्या बायकांनाही चित्रांचं कळलं होतं. एक चादर वाऱ्याने उलटली, तर खालून एकीने विचारलं, "सरळ करू का हो?" बाईंनी हात हलवून "राहू दे" म्हणून खूण केली.

पाच आठवड्यांत तीन चित्रं पुरी झाली. बाईंनी भिंतीवर ती तीन लावली, आणि जुन्यांतली तीन त्यांच्या शेजारी. खाली चिठ्ठ्या: "ऑपरेशनच्या आधी", "ऑपरेशननंतर". लपवायचं काय त्यात. लोक त्या भिंतीपाशी थांबत होते, कुणी आपला एक डोळा झाकून बघत होतं. नर्स तिथेच खुर्ची टाकून बसली होती आणि साठीच्या पुढच्या प्रत्येकाला "शेवटचे डोळे कधी तपासले?" म्हणून विचारत होती.

प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी हॉल बंद व्हायच्या जरा आधी डाईंगमास्तर आला. बायकोला घेऊन आला होता. दोघांनी काचेच्या पेट्यांतले वाडगे पाहिले, परड्या पाहिल्या, मग भिंतीपाशी आले. मास्तरने हात पाठीमागे बांधले आणि गिरणीत कापड बघायचा तसा मधल्या चित्रासमोर उभा राहिला. बाई बाजूला उभ्या होत्या.

"ही तिसरी चादर," तो अखेर म्हणाला, "अजून जराशी पिवळी आहे."

बाईंनी डावा डोळा झाकला आणि पाहिलं. मग जवळ जाऊन पाहिलं.

"आहे खरी," त्या म्हणाल्या. "कशाने सुधारेल?"

"पुसू नका. शेजारच्या सावलीत निळा कमी करा, आपोआप बसेल."

त्याची बायको खुदकन हसली. "घरी पण असंच चालतं यांचं," ती म्हणाली. मास्तर हसला नाही, पण गेलाही नाही. हॉलचे दिवे मालवेपर्यंत तो पहिल्या आणि तिसऱ्या चित्रातल्या सावल्यांबद्दल बोलत राहिला आणि बाई चिठ्ठीच्या मागे लिहून घेत राहिल्या.

पुढच्या महिन्यात डावा डोळाही झाला. आता बाईंनी गॅलरीत एक छोटा हातमाग बसवून घेतला आहे. रुमाल विणायचे, आणि सूतही स्वतःच रंगवायचं. रंगवण्यातलं आपल्याला काही येत नाही हे त्यांना ठाऊक आहे, म्हणून गुरुवारी दुपारी मास्तर येतो. पहिलं सूत डागाडागांचं निघालं. दुसरंही. तिसरं आज सकाळी दोरीवर टाकलंय. नवऱ्याला ताकीद आहे की वाळेपर्यंत त्याला हात लावायचा नाही.