उपकारस्तुतीला मयताचं गीत

आमच्या ख्रिस्ती मंडळीत बाजाची पेटी नाही आणि ढोलाला वडिलांची, म्हणजे मंडळीच्या पंचांची, परवानगी नाही. गायनाचं म्हणून जे काही आहे ते लोनेसीच्या घशात आहे. पहिली ओळ ती एकटी उचलते, सूर ठरवते, मग बाकीचे आत शिरतात. नियम दोनच. तिच्याआधी कोणी तोंड उघडायचं नाही, आणि एकदा उचललेलं गीत मधेच टाकायचं नाही. देवापुढे बोलणं अर्धं सोडणं हा अपमान, असं आमचे आजे-पणजे मानत. देवाशी बोलायला शिकण्याआधी ते राजांशी बोलत असत, त्यामुळे त्यांना याची जरा जास्त काळजी.

मुलांजे डोंगराखाली, चहाच्या मळ्यांना लागून तिचं घर. नवरा बातोनी मळ्याच्या कारखान्यात फिटर होता. मक्याच्या पेरणीच्या दिवसांत शेतात विसावा घ्यायला म्हणून बसला, तो उजवं अंग तिथेच सोडून आला. त्याच मोसमात शेजारच्या फालेसीचा नवरा लायसोनी चहाच्या गोण्यांसकट लॉरीवरून पडला आणि कमरेखाली निकामी झाला. दोन घरांमध्ये तुरीचं एक विरळ कुंपण. देवाची सोय पाहूनच मांडणी केलेली.

दर गुरुवारी स्त्री-मंडळाच्या बायका पांढरं पोलकं, काळा घागरा घालून यायच्या. आधी एक घर, मग दुसरं. प्रार्थना त्याच, डोक्यावर ठेवायचे हातही तेच. गीत दोन्हीकडे लोनेसीच उचलायची, आणि लायसोनीसाठी मनापासून उचलायची, हे तिच्या वैरिणीही कबूल करतील. ती आणि फालेसी मिळून ओढ्यावर गोधड्या धुवायच्या, एकीच्या घरची पेज दुसरीच्या घरी जायची. दुःख सारखं असलं की माया करायला फारसे कष्ट पडत नाहीत.

मग लायसोनीच्या पायाचा अंगठा हलला.

लोनेसी म्हणाली, "देव भला आहे," आणि त्या दुपारी तिने एन्सिमा करपवला. मक्याचं पीठ ढवळताना तिचा हात कधी थांबत नसे. पुढे लायसोनी भिंतीला धरून उभा राहिला, मग काठीवर, मग काठीशिवाय. त्याचं प्रत्येक पाऊल कुंपणातून ऐकू यायचं. ती बातोनीला विचारायची, "पाय हलतो का हो?"

"कुठला?" तो अर्ध्या तोंडाने म्हणायचा. "दोन होते असं आठवतं."

पण खरा काटा टोचला तो फालेसीच्या साक्षीने. मंडळाच्या सभेत ती उभी राहिली आणि म्हणाली, "बायांनो, मी एक दिवससुद्धा शंका घेतली नाही. म्हणून त्यानं ऐकलं." तिच्या मनात वाईट काही नव्हतं. देवाच्या उपकाराची साक्ष अशीच द्यायची असते. पण दुसऱ्या दिवशी पाण्याच्या पंपावर म्हातारी एमेलेसी लोनेसीला म्हणाली, "पोरी, तूही जरा घट्ट विश्वास ठेव गं. बघ, फालेसीनं कसा ठेवला."

"आजी," लोनेसी म्हणाली, "दातांसाठी ठेवून पाहिलात का?"

म्हातारीला एकही दात नव्हता. पंपावर मोठा हशा पिकला. लोनेसी हसली नाही. घरी येऊन तिने बादली आदळली आणि छपराकडे पाहून म्हणाली, "सूर माझा, आणि नवरा तिचा उठवलास?" हे बातोनीने ऐकलं आणि त्याने गावाला सांगितलं, पडून असलेल्या माणसाला भेटायला येणारे पुष्कळ.

उपकारस्तुतीचा रविवार आला. रीत अशी, की ज्याचं भलं झालं ते कुटुंब दारापासून प्रभुभोजनाच्या मेजापर्यंत भेट घेऊन नाचत येतं, आणि बाकीचे चितेंजे, म्हणजे कमरेची रंगीत वस्त्रं, हवेत उडवतात. लायसोनी दारात नव्या शर्टात उभा, काखेत कोंबडी. फालेसीच्या डोक्यावर मक्याची पाटी. पाळकांनी मान हलवली. लोनेसी उभी राहिली, बराच वेळ दाराकडे पाहत राहिली आणि तिने गीत उचललं. आम्ही ते फक्त घरापासून दफनभूमीपर्यंत म्हणतो.

कोणी काही ठरवलं नाही. अंगवळणी पडलेलं आपोआप झालं. पुरुष उठले, माना खाली गेल्या. मंडळाच्या बायका बाकांमधून निघून लायसोनीच्या पुढे दोन-दोनच्या रांगेत लागल्या, शवपेटीपुढे लागतात तशा, आणि पाय ओढत चालू लागल्या. मागून लायसोनी, कोंबडीसकट. कोणीतरी "थांबवा!" म्हणालं; शेजारच्याने त्याला गप्प केलं, उचललेलं टाकता येत नाही. कडवी पुष्कळ आहेत, कारण दफनभूमी लांब आहे. शेवटच्या कडव्यापर्यंत लायसोनी स्वतःही खर्जात गात होता.

उपासनेनंतर आंब्याखाली वडील मंडळी बसली. विस्केसी नावाचे वडील समजुतीने म्हणाले, "सवयीनं निघालं म्हण, बाई, आणि मोकळी हो."

"सवयीनं नाही निघालं."

"म्हणजे माझा नवरा मरावा असं वाटतं तुला?" फालेसी ओरडली.

"मरावा नाही," लोनेसी म्हणाली. "पडून राहावा. माझ्या माणसासारखा."

ती पुढे म्हणाली, "तुझं ऐकलं त्यानं, ऐकू दे. पण तू म्हणालीस, शंका घेतली नाहीस म्हणून. मग माझा माणूस माझ्या शंकेनं पडलाय का? सांग की. पाळकांसमोर सांग."

फालेसी एकदम रडत म्हणाली, "कसली शंका नाही अगं! अंगठा हलायच्या आधी मी त्या नदीपलीकडच्या वैदूकडे जाऊन मुळ्या आणल्या होत्या. उशाला ठेवल्या होत्या. तुझं गाणं चालू असायचं तेव्हा त्याच उशीवर हात ठेवून बसायची मी."

वडिलांचे चेहरे खुलले. एका प्रकरणाची दोन प्रकरणं झाली होती. फालेसीला प्रभुभोजन बंद, लोनेसीला देवळात गीत उचलणं बंद, पुढचा निर्णय होईपर्यंत. लोनेसी समाधानाने घरी गेली आणि जेवताना तिचं समाधान संपलं. "आपणही वैदूकडे जायला हवं होतं का हो?"

"आता नको," बातोनी म्हणाला. "उठलोच, तर उपकार कोणाचे मानायचे यावरून तुमचं भांडण होईल."

देवळात गायन सुरू झालं की कुत्री बाहेर जाऊ लागली. पण हाल खरे झाले ते लायसोनीचे. त्याला झोप लागेना. एका सकाळी तो फालेसीला घेऊन कुंपणातून आत आला, काखेत तीच कोंबडी. बातोनी पडवीत चटईवर होता.

"वहिनी," लायसोनी म्हणाला, "माझं गीत द्या मला. पुरून परत न काढलेल्यासारखं वाटतंय."

"मला बंदी आहे."

"देवळात आहे. पडवीत नाही."

"दुसरी कोणी उचलेल."

"पुरलंत तुम्ही. काढायलाही तुम्हीच हव्यात."

लोनेसी त्याच्या पायांकडे पाहत राहिली. ते पाय तिला हवे होते, आपल्या चटईवर हवे होते. ते काही कमी झालेलं नव्हतं. तिने उपकारस्तुतीचं गीत उचललं, इतक्या वर की लायसोनीला आत शिरताच येईना.

"खाली घे," चटईवरून बातोनी म्हणाला. "एवढ्या उंच देवदूतही जात नाहीत."

तिने गीत मधेच टाकलं. आयुष्यात पहिल्यांदा. मग खालच्या सुरात पुन्हा उचललं. फालेसी शिरली, लायसोनी शिरला आणि बऱ्या झालेल्या माणसाला शोभेल अशा बेफिकिरीने नाचला. बातोनी डाव्या हाताने चटईवर ताल देत होता. लोनेसीची नजर शेवटच्या कडव्यापर्यंत त्या पायांवरून हलली नाही, आणि आवाजही हलला नाही.

गीत संपलं. बातोनीला कुशीवर वळवायची वेळ झाली होती. फालेसीने न सांगता खांद्याकडची बाजू धरली. लायसोनी पायांकडे वाकला.

"तू नको," लोनेसी म्हणाली. "तुझी कंबर पुन्हा गेली, तर मला पुन्हा प्रार्थना करावी लागेल."