तळ्याकाठची हिरवी पट्टी

"एक डोळा मिट, मग शहर कळतं," असं म्हणत काका पेन्सिल आडवी धरायचे आणि झिंडेलफिंगेनच्या बस थांब्यावरून समोरच्या चार इमारतींची उंची मोजायचे. माझ्या ऑफिसातल्या मित्राचे हे वडील. पुण्यात जन्मभर ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी केली आणि काकू गेल्यावर मुलाकडे राहायला आले. राहायचे जर्मनीत, वेड मात्र अमेरिकेचं. तिथे कधी गेले नव्हते. फोटो बघून एकेक शहर कागदावर उतरवायचे.

तुम्हालाही असा एखादा भेटला असेल, समोरचा चहा निवला तरी ज्याचं बोलणं संपत नाही.

"न्यूयॉर्क म्हणजे पानात सगळं एकावर एक वाढलेलं. शिकागो म्हणजे नीट जागा सोडून."

"आणि ह्यूस्टन?"

"भात इथे, वरण शेजारच्या पंगतीत!"

मी कामासाठी शिकागोला निघालो तेव्हा त्यांनी एकच गोष्ट सांगितली. त्यांच्या चित्रात तळं आणि इमारती यांच्यामध्ये एक हिरवी, मोकळी पट्टी होती. "एका फोटोत दिसते, दुसऱ्यात दिसत नाही. तू तळ्याच्या बाजूने जाऊन बघ रे."

मी गेलो नाही. एक संध्याकाळ मोकळी मिळाली, ती मॉलमध्ये बूट घेण्यात घालवली. परत येऊन त्यांच्याकडे गेलो तर काका दारातच उभे. 'जमलं नाही' एवढं म्हणायला काय जात होतं? पण मी ठोकून दिलं, "पट्टीबिट्टी काही नाही काका. इमारती थेट पाण्यातूनच वर येतात."

काकांनी खोडरबर घेतला आणि ती पट्टी हळूहळू पुसून टाकली. "गेनाऊ," ते म्हणाले. म्हणजे 'अगदी बरोबर', नातवाकडून उचललेला जर्मन शब्द. "डोळ्यांनी पाहिलेलं ते खरं."

घरी येऊन मी नेटवर पाहिलं. पट्टी होती. चांगली रुंद, झाडांची. उद्या सांगू, परवा सांगू म्हणत मी त्यांच्याकडे जाणंच टाळू लागलो. लाज वाटत होती, दुसरं काही नाही.

मार्चमध्ये काका झोपेतच वारले. भेटायला गेलो तेव्हा मित्र म्हणाला, "अरे, उन्हाळ्यात बाबांना शिकागो दाखवणार होतो. तेच म्हणाले, आता कशाला? त्याने बघून सांगितलंय ना." मग त्याने ते चित्र माझ्या हातात दिलं. "तुला द्यायचं म्हणून ठेवलं होतं त्यांनी."

खाली उजव्या कोपऱ्यात, ड्राफ्ट्समनच्या नकाशावर असते तशी, काकांनी पट्टीने चौकट आखली होती. 'काढले' यापुढे त्यांचं नाव. 'तपासले' यापुढे माझं.