वस्तादची गाठ

वस्तादची गाठ बघायची नसते, हे त्या टोळीत कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. आपोआप कळायचं.

उंच इमारतींच्या काचा बाहेरून, दोराला लटकून पुसायच्या, हे त्यांचं काम. गच्चीवरच्या लोखंडी कड्याला दोर बांधायचा, कठडा ओलांडायचा आणि फडकं-बादली घेऊन काचेकाचेने खाली उतरायचं. गाठ तशी साधी. आधी एक वेढा, मग दोराचं टोक त्याच वाटेने परत फिरवून आणायचं, लहान मुलं पुसट अक्षर गिरवतात तसं. परतीची वाट पुरी झाली तर ती गाठ हत्तीचाही भार पेलेल. अर्धी राहिली तर दिसायला गाठ आणि वागायला दगाबाज.

म्हणून वस्तादनेच नियम घालून दिला होता: आपली गाठ आपण तपासायची नाही. जोडीदाराने ती डोळ्यांनी बघायची, हाताने ओढायची आणि मोठ्याने म्हणायचं, ‘बघितली.’ ‘आपल्या पोराचं वाकडं नाक आपल्याला सरळच दिसतं,’ तो नव्या माणसांना सांगायचा. तो सगळ्यांच्या आधी गच्चीवर हजर असायचा. वारं वाढलं की मुकादमांच्या तोंडावर काम थांबवायचा. मुकादम धुसफुसायचे, पण चारचौघांत म्हणायचे, “व्हायचं तर या माणसासारखं व्हा.”

वस्तादचा जोडीदार म्हणजे त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. कामाला लागला तेव्हा त्याने वस्तादची गाठ अगदी मन लावून तपासली होती. गुडघ्यावर बसला, वाकून बघितलं, ओढलं, पुन्हा ओढलं. वस्ताद बादली घेऊन ताटकळत उभा होता. तो सहज म्हणाला, “काय परीक्षक, पास की नापास?”

सगळी गच्ची हसली. मेहुणाही हसला, कान तेवढे लाल झाले. त्यानंतर तो वस्तादच्या गाठीकडे पाठ करूनच ‘बघितली’ म्हणू लागला. बाकीच्यांनीही धडा घेतला. आणि वस्तादला ते आवडलं, खोटं कशाला बोला.

इकडे काही महिन्यांपासून त्याच्या उजव्या हाताची बोटं परक्यासारखी वागत होती. मुंग्या यायच्या, मग काहीच यायचं नाही. सदऱ्याची बटणं बायको लावून द्यायची आणि दोघंही त्याविषयी बोलायचे नाहीत.

त्या सकाळी त्याने गाठ बांधली. मेहुणा पलीकडे फडकी पिळत होता, तिथूनच म्हणाला, “बघितली.” वस्तादने एक पाय कठड्याबाहेर टाकला, दोरावर भार दिला आणि दोर वीतभर सरकला.

वीतभरच. आतला पाय कठड्याला अडकवून त्याने स्वतःला मागे ओढलं.

“काय झालं, दाजी?”

“काही नाही. पाणी प्यायचं राहिलं.”

तो कड्याजवळ जाऊन बसला. टोक अर्ध्या वाटेवरूनच बाहेर आलं होतं. बोटांनी खुशाल सांगितलं होतं, पोचलो म्हणून. त्याने डोळे फाडून, एकेक वळण बघत गाठ पुन्हा बांधली.

“बघितली,” मेहुणा पुन्हा म्हणाला. मान वर न करता.

दिवसभर वस्ताद काचेवर होता. आत माणसं आपापल्या टेबलांवर वाकलेली होती. एका मुलीने हसून हात हलवला. त्यानेही हलवला. फडकं फिरलं की काचेत त्याचं तोंड दिसायचं, मग ते साबणाखाली जायचं. आज ते बघवत नव्हतं.

संध्याकाळी निघताना मुकादमांनी हाक मारली. “उद्या नवी माणसं येतायत. गाठ तुम्हीच शिकवा.”

घरी बायकोने ताट वाढलं. त्याच्या हातातून पेला निसटला. तिने फरशी पुसली, पेला पुन्हा भरून डाव्या हाताशी ठेवला आणि म्हणाली, “आता सांगा.”

त्याने सांगितलं. ऐकताना तिचा चेहरा उतरत गेला.

“मुकादमांना बोला उद्या.”

“बोललो तर माझा दोर सुटला. दुसरं काय येतं मला?” तो म्हणाला. “बरं, मी घरी बसेन. तुझ्या भावाचं काय? न बघता ‘बघितली’ म्हणाला हे कळल्यावर त्याला कोण ठेवील?”

भावाला तिनेच चिकटवलं होतं या कामाला. तिने भाताचं भांडं झाकलं आणि म्हणाली, “तुम्ही त्याला बघू दिलंत का कधी?”

“म्हणजे?”

“परीक्षक म्हणालात ना त्याला. त्या दिवशी इथे येऊन बसला होता. जेवला नाही.”

वस्तादला ते माहीत नव्हतं. त्याला वाटलं होतं, गंमत झाली, विरली.

“तुम्ही पडलात तर तो जन्मभर मान वर करणार नाही,” ती म्हणाली. “आणि मी कुणाच्या तोंडाकडे बघू?”

ताटातलं तसंच राहिलं.

सकाळी नवी माणसं कड्याभोवती उभी राहिली. मुकादम म्हणाले, “हे आमचे वस्ताद. यांच्या गाठीवर डोळे मिटून विश्वास ठेवा.”

“तेवढं सोडून काहीही करा,” वस्ताद म्हणाला. काहीजण हसले. त्याने उजवा हात पुढे केला. “या बोटांना आता कळत नाही. काल माझी गाठ अर्धी होती, मी कठड्यावर होतो. कुणी बघितली नाही, कारण मी कुणाला बघू दिली नाही. एकाने बघितली होती पूर्वी, नीट बघितली होती. मी त्याची सगळ्यांसमोर चेष्टा केली.”

कुणी हसलं नाही. मेहुण्याचे कान लाल झाले होते, त्या दिवशीसारखे. मुकादमांनी आधी वस्तादकडे, मग मेहुण्याकडे बघितलं.

“चूक दोघांचीही,” ते शेवटी म्हणाले. “तुम्ही आजपासून दोरावर नाही. आणि तू,” ते मेहुण्याला म्हणाले, “पुन्हा असं झालं तर तूही नाही.”

वस्तादला गच्चीवर उभं राहून दोर सांभाळायचं काम मिळालं. तेही किती दिवस, ते मुकादमांनी सांगितलं नाही. त्याने विचारलंही नाही.

मेहुणा दिवसभर बोलला नाही, नंतरही नाही. घरी येणं बंद झालं. बायको दोघांच्या मध्ये अडकली. नव्या माणसांत कुजबुज असायची: हाच तो वस्ताद, ज्याची गाठ सुटली. कधीकधी त्याला वाटायचं, गप्प बसलो असतो तर निदान नाव तरी राहिलं असतं.

मग एका सकाळी मेहुण्याच्या नव्या जोडीदाराला यायला उशीर झाला. मेहुण्याने गाठ बांधली आणि इकडेतिकडे बघितलं. गच्चीवर वस्तादच होता.

वस्ताद जवळ गेला, गुडघ्यावर बसला. गुडघा कुरकुरला. बोटांवर भरवसा नव्हता, म्हणून त्याने चेहरा दोराला जवळजवळ टेकवला आणि टोक कुठून निघालं, कुठे गेलं, सगळी वाट डोळ्यांनी चालून बघितली. डाव्या हाताने ओढलं.

“बघितली.”

मेहुणा हलला नाही. काचेवर जायची घाई होती, वारंही वाढत होतं.

“परत बघा, दाजी,” तो म्हणाला.

वस्ताद पुन्हा वाकला.