सहा इंचांवरची काडी

दवाखान्यात माणसं तासन् तास बसून असतात, आणि बसलेला माणूस गप्प राहत नाही. नवा महाराष्ट्र होऊन दोन-चार वर्षं झाली असतील, तेव्हा मी संग्रामपूरला डॉक्टरबाईंकडे कंपाउंडर होतो. पुड्या बांधता बांधता इतके किस्से जमले की कुठला आधी सांगू, असं होतं. त्यातले हे काडीचे.

बाई पुण्याच्या, शिस्तीच्या. दम तपासायला त्यांच्याकडे यंत्रबिंत्र नव्हतं. एक फूटपट्टी आणि एक आगपेटी. पेटती काडी पेशंटच्या तोंडापासून बरोबर सहा इंचांवर धरायच्या आणि म्हणायच्या, "ओठ आवळू नका. तोंड उघडं ठेवून फुंका." काडी विझली तर दम शाबूत. नाही विझली तर बिडी बंद.

*

पहिले आले संपतराव. मोठे जमीनदार, मिशा त्याहून मोठ्या. तीन काड्या बाईंच्या बोटांपर्यंत जळत आल्या, एकही विझली नाही.

"तुमची काडीच लय जबर हाय बाई."

बाईंनी चौथी काडी त्यांच्या सोबत आलेल्या बायकोसमोर धरली. ती पासष्टीची, हडकुळी. एका फुंकरीत काडी गार.

संपतराव जराही हलले नाहीत. म्हणाले, "तिनं जलमभर चूल फुकली. तिले सराव हाय."

पण जाताना बिडीचं बंडल टेबलावर ठेवून गेले.

*

सरावावरून गजानन आठवला. बाईंनी त्याला सांगितलं होतं, बिडी बंद करा आणि घरी रोज काडी फुंकायचा सराव करा. पंधरा दिवसांनी आला तो आधीपेक्षा जास्त खोकत.

"सराव केला नाही का?"

"केला ना बाई. रोज एक आगपेटी संपवून राह्यलो."

"मग असं कसं?"

"पेटोलेली काडी वाया काऊन घालू? पयले बिडी लावतो, मंग फुकतो."

बाई त्या दिवशी पहिल्यांदा टेबलावर डोकं टेकून हसल्या.

*

समोरचा पानठेलेवाला एकदा मला थांबवून म्हणाला, "तुमच्या बाईचं काही समजत नाई बे. बिड्या कोनी घेईना, अन् आगपेट्या पुरेना."

*

रामदास सनई वाजवायचा. आसपासच्या गावांत त्याच्याशिवाय लग्न लागत नसे. त्यानं ओठ आवळून फुंकलं आणि काडी विझवली.

"तोंड उघडं ठेवून," बाई म्हणाल्या.

ज्योत नुसती हलली. रामदासनं मान खाली घातली. मग म्हणाला, "वाजवता वाजवता मधीच थांबा लागते बाई. दम पुरत नाई. लोकाईले वाटते, मी डौलात थांबलो."

त्यानं खरंच बिडी सोडली. पुढच्या लग्नसराईत एका मांडवात मी त्याची सनई ऐकत बसलो होतो. शेजारचे एक म्हातारे कुरकुरले, "रामदासची पयलेची मजा गेली. काय सुंदर थांबे तो."

*

आणि किसन. डोंगराकडच्या एका खेड्यातला शेतमजूर. पहिल्याच दिवशी त्यानं बिडी टाकली. दर बाजाराच्या दिवशी पायी यायचा, फुंकायचा, काडी जळत राहायची. बाईंनी त्याला खरं सांगितलं होतं, "गेलेला दम सगळा परत येणार नाही. आहे तो टिकवायचा." तरी त्याला काडी विझवायचीच होती.

चार महिने झाले. त्या दिवशी खुर्चीवर बसताना तो म्हणाला, "बाई, आज नाई इझली तं मी बिडी घेतो परत. कायले जीव मारू?"

बाईंनी फूटपट्टी लावली, काडी ओढली. किसननं डोळे घट्ट मिटले आणि फुंकर मारली. ज्योत बाईंच्या बाजूला थोडी कलली, पुन्हा सरळ झाली. मग एकाएकी उलटी, किसनकडे वाकली आणि विझली.

किसननं डोळे उघडले. धुराच्या रेघेकडे बघतच राहिला. "इझली," तो हळूच म्हणाला.

"विझली," बाई म्हणाल्या आणि त्याच्या कागदावर शाईनं तसं लिहिलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "कंपाउंडर, ती खिडकी लावून घ्या. वारा येतोय."

खिडकी सकाळपासून बंदच होती. मी उठलो आणि लावून आलो.