इंजिन उचलायचा घोडा

आमच्या घरात डोक्यावर काही टांगायचं नाही, असा कायदा होता. भूकंपानंतर लातुरात असे कायदे घरोघरी झाले. कुणी माळे रिकामे केले, कुणी भिंतीवरचे फोटो उतरवले. आमच्या अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, स्लॅबमधला पंख्याचा हूकसुद्धा कापायला लावला, तोही हातानं खूण करून. गावाकडचं घर पडलं, त्याखाली माझा थोरला भाऊ गेला, आणि तेव्हापासून अण्णांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. डॉक्टर झाले, देव झाले, सगळं करून दमलो.

दादाची मोटारसायकल भिंतीखालून चेमटून निघाली होती. शहरात आलो तेव्हा ती टेम्पोत घालून आणली आणि मागच्या खोलीत गोणपाटाखाली टाकली. एकदा अण्णा तिच्या टाकीवर हात ठेवून उभे दिसले, अन् माझ्या डोक्यात किडा शिरला. ही गाडी चालू करायची. तिचा आवाज ऐकला की माणूस बोलेल. येडपटपणाच होता, कबूल. पण दुसरं काही उरलंच नव्हतं. मला त्यांच्या तोंडून एकदा 'धाकट्या' ऐकायचं होतं, बास.

मी क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचो. तेव्हा शहरात क्लासेसचं नुसतं पेव फुटलं होतं. हदगाव-भोकरपासून पोरं ट्रंका घेऊन उतरायची आणि मी सकाळपासून घसा फोडायचा. हातात काय ती रविवारची दुपार. अशा कित्येक दुपारी घालवून इंजिन खोललं, धुतलं, बांधलं. उतरवताना ते पोत्यांवर कसंबसं घसरवलं होतं. आता परत गाडीच्या सांगाड्यात चढवायचं कसं? दोघांनी धरलं असतं तर पाच मिनिटांचं काम. पण न्हाई! दादाच्या गाडीला परका हात नको, हा माझा माज.

स्लॅबला तर टांगायची सोय नव्हती. मग तीन पायांचा घोडा करायचं ठरवलं. भूकंपानंतर आम्ही ज्या पत्र्याच्या शेडात राहिलो, त्याचे पाईप पडून होते. गल्लीतल्या वेल्डिंगवाल्या चाचांनी तीन पाईप वरच्या टोकाला एका बोल्टात अडकवून दिले, मधोमध साखळीची पुली बसवली.

"मास्तर, खाली तिन्ही पायांना दोर गुंडाळा," ते म्हणाले. "शहाबादी फरशी हाय. वजन आलं की पाय पसरतेत."

मी मान डोलावली. मनात म्हटलं, घ्या, आता हे मला पुली शिकवून राहिले!

दोर बांधला नाही. आळस म्हणा, मस्ती म्हणा.

त्या रविवारी साखळी ओढली आणि इंजिन अलगद वर आलं. काय आनंद झाला म्हणून सांगू! गुडघ्याएवढं आलं, कमरेएवढं आलं. सांगाडा पुढे सरकवायला मी वाकलो. फरशीवर तेल सांडलेलं होतं. 'घर्षण नगण्य माना' असं फळ्यावर रोज लिहिणाऱ्या माणसाला ते दिसलं नाही. एक पाय सर्रकन सरकला, मागोमाग दुसरा. इंजिन धाडकन खाली आलं, वरून पाईप माझ्या अंगावर. खोली हादरली.

इंजिनाची बॉडी उभी तडकली होती. असली बॉडी आता कुठं मिळायची? वाटोळं झालं. मी तेलात बसून ढसाढसा रडलो, लाज न बाळगता.

तेवढ्यात अंगणातून अण्णा धावत आले. भांडं पडलं तरी घराबाहेर पळणारा माणूस आत धावत आला. गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी पाईप उपसायला लागले.

"थोरल्या! आलो रे! थोरल्या, दम धर, आलो बाबा!"

आवाज चिरका झाला होता, पण तो अण्णांचाच होता. मी त्यांचे हात धरले.

"अण्णा, मी हाय. धाकटा. मला काय झालं न्हाई, बघा."

त्यांनी मान वर केली. माझ्याकडे नीट बघितलं, ओळखलंही.

"तू न्हवं," ते म्हणाले, आणि माझे हात बाजूला सारून पुन्हा पाईप उपसू लागले.